जावक नंतर, आधी जमेची बाजू बघा

प्रश्न पलूसहून आलाय. विचारणारे गृहस्थ शिक्षक आहेत. त्यांचा धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीत नोकरीला. हातात २६ हजार येतात, ७ तारखेला जमा होतात आणि १५ तारखेला खात्यात पाच-सहाशे उरलेले असतात. क्रेडिट कार्डावर ९२ हजार थकलेत, तीन लोन अ‍ॅपचे मिळून ६८ हजार, आणि बायकोच्या पाटल्यांवर सोनेतारण १ लाख. एकूण २ लाख ६० हजार. भावाने वर्षभराचं स्टेटमेंट आपणहून काढून दिलं. त्यात कुठल्याही गेमचं नाव नाही, म्हणून घरचे आणखीच गोंधळलेत. भावजयीला वाटतंय की बाहेर काही प्रकरण आहे. गुरुजींचे प्रश्न दोन: नुसत्या नोंदींवरून जुगार ओळखता येतो का, आणि हे कर्ज त्यांनी स्वतः फेडून टाकावं का?

मी सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ वसुलीला. आता सांगलीच्या विश्रामबागेत घरीच बसतो आणि लोकांचे बिघडलेले घरगुती हिशेब लावून देतो. तेव्हा जे सांगतोय ते पुस्तकातलं कमी आणि पासबुकातलं जास्त आहे.

तर गुरुजी, ओळखता येतो. पण तुम्ही चुकीच्या रकान्यात शोधताय.

घरात पैसा पुरेना की माणूस लाल पेन घेऊन जावकेवर बसतो. पूर्वी ते ठीक होतं, महिन्याला बारा-पंधरा ओळी असायच्या. आता यूपीआयमुळे चहाचे दहा रुपयेसुद्धा ओळ होऊन येतात. पेट्रोल, भडंग, रिचार्ज, पोराची वही, मित्राचे वर्गणीचे दोनशे. अशा तीनशे ओळींत काहीही खपून जातं. जमेच्या बाजूला तशी गर्दी नसते. पगारदार माणसाच्या जमेला महिन्यात तीन-चार ओळी असाव्यात: पगार, तिमाहीचं व्याज, कुणी परत केलेले उसने. तिथे वीस ओळी दिसल्या की पेन तिथे थांबवायचं.

कारण साधं आहे. दारूचं दुकान पैसे परत देत नाही. हॉटेलवाला देत नाही, सोनारही देत नाही. जुगार मात्र देतो, अधूनमधून, थोडे. घरातल्या कुठल्याच दुसऱ्या चुकीच्या खर्चाला ही परतीची वाट नसते. भावजयीला हे नीट सांगा. बाहेरच्या प्रकरणाचा खर्च बाजारातून जातो: कपडे, जेवण, लॉज, एकाच नंबरला सारखे पैसे. तो खर्च रात्री साडेनऊला पाचशेवरून दोन हजारांवर चढत नाही आणि अकराला चार हजार होऊन परतही येत नाही.

एक संध्याकाळ जवळून दाखवतो. माणूस माधवनगरचा, ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदललेत. एप्रिल २०२५, आयपीएल चालू, सामना साडेसातचा. ८.०४ ला ५०० गेले. ८.१९ ला पुन्हा ५००. ८.४१ ला १,०००. ९.०२ ला २,०००, ९.२६ ला आणखी २,०००. मग ९.३१ ला जमा ३,०००, मित्राच्या नावाने. दोन मिनिटांनी, ९.३३ ला, तेच ३,००० पुढे. १०.५८ ला जमा ४,२००, कुणा अनोळखी नावाने. आणि ११.०६ ला ४,००० परत गेले.

गेले एकूण १३ हजार. खेळातून आले ४,२००. म्हणजे एका संध्याकाळचा खड्डा ८,८०० चा, त्यात मित्राचे ३,००० उसने. पण मला बेरजेपेक्षा दोन जागा महत्त्वाच्या वाटतात. एक, रकमा दुपटीने चढतात आणि मधलं अंतर पंधरा-वीस मिनिटांचं आहे. हरलेलं भरून काढायच्या मागे लागलेला माणूस असाच चढतो. दुसरी, जिंकलेले ४,२०० खात्यात फक्त आठ मिनिटं टिकले. ज्याला पैशाची गरज असते तो जिंकलेले पैसे ठेवतो. इथे पैसा हे पुढचा डाव लावायचं साधन झालंय. त्या माणसाला मी विचारलं, "४,२०० आले तेव्हा काय वाटलं?" तो म्हणाला, "काही नाही सर, इनिंग संपायच्या आत लावायचे होते."

त्याच स्टेटमेंटमधली आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही पण. ९ मे २०२५ ला सीमेवरच्या तणावामुळे आयपीएल थांबली आणि १७ मेला पुन्हा सुरू झाली. त्याचा पगार ७ मेला झालेला होता, खात्यात पैसे होते. तरी ९ ते १६ मे या आठ दिवसांत त्या अनोळखी नावांची एकही नोंद नाही. चहा, पेट्रोल, भाजी, बस्स. १७ तारखेपासून पुन्हा सुरू. माणूस तोवर "मित्रांना मदत करतो" म्हणत होता. मी तो आठवडा त्याच्यापुढे ठेवला, म्हटलं, मित्रांना या आठ दिवसांत अडचण नव्हती का? तिथे तो बोलायला लागला.

वेळ कुठून मिळते हे सांगायला हवं, कारण पासबुकात आणि बहुतेक बँकांच्या स्टेटमेंटमध्ये फक्त तारीख असते. घड्याळ यूपीआय अ‍ॅपच्या इतिहासात असतं. काही अ‍ॅपमध्ये नोंद लपवायची सोय आलीय, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं: बँकेच्या कागदावर आहे आणि अ‍ॅपमध्ये दिसत नाही अशी ओळ निघाली तर ती एकतर हाताने लपवलेली असते, नाहीतर दुसऱ्या अ‍ॅपवरून केलेली. उलटंही होतं. पिन न टाकता छोट्या रकमा भरायच्या यूपीआय लाइटमध्ये पैसे आधी भरून ठेवतात. बँकेला दिसतो तो फक्त ते भरल्याचा व्यवहार, पुढे ते कुठे गेले ते अ‍ॅपमध्येच. लाइटमध्ये एका वेळी पाच हजारांपर्यंत ठेवता येतात. दिवसातून दोन-तीनदा लाइट भरणारा माणूस मला तरी चहासाठी भरणारा वाटत नाही.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे: गेमचं नाव का नाही?

२०२५ च्या ऑगस्टपर्यंत ते बऱ्याच जणांच्या नोंदीत असायचं. रमी, फँटसी क्रिकेट, सगळं उघड, जाहिरातीसकट. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या वर्गवारीत 'डिजिटल गेम' असा एक गट आहे. जुलै २०२५ मध्ये त्या गटात सुमारे ३५ कोटी व्यवहारांतून सुमारे १० हजार कोटी रुपये गेले. यात साधे, पैशांची पैज नसलेले गेमही धरलेले आहेत, पण भागाकार करून बघा: एका व्यवहाराला तीनशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्या महिन्यात यूपीआयवर एकंदर २५ लाख कोटींच्या आसपास उलाढाल झाली, म्हणजे हा हिस्सा अर्ध्या टक्क्याच्याही खाली. देशाच्या हिशेबात तो दिसतही नाही. घरात मात्र तीनशेची ओळ महिन्यातून चाळीसदा आली की बारा हजार होतात, आणि २६ हजारांतले बारा हजार म्हणजे घरभाडं आणि किराणा.

२२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, आणि पैसे फिरवून देणाऱ्या बँका-पेमेंट कंपन्याही कचाट्यात. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. संसदेत चर्चा झाली तेव्हा सरकारचा अंदाज असा होता की देशातले सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला वीसेक हजार कोटी गमावतात. मोठ्या फँटसी अ‍ॅप्सनी पैशांच्या स्पर्धा लगेच बंद केल्या, आणि डिजिटल गेमच्या गटातली रक्कम त्याच महिन्यात साडेसात हजार कोटींच्या आत आली.

बरेच लोक सुटले, हे मी माझ्याकडे येणाऱ्या कागदांवरूनही सांगतो. ४९ रुपयांची टीम लावणारी पोरं थांबली. पण ज्यांचा हात आधीच अडकला होता ते आयडीकडे गेले. आयडी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी देतो ते परदेशी बेटिंग साइटचं लॉगिन. पैसे भरायला दर वेळी वेगळा क्यूआर येतो, आज कुठल्याशा इसमाच्या नावाचा, परवा कुठल्याशा ट्रेडर्सचा, तेरवा एंटरप्रायझेसचा. ही सगळी भाड्याने घेतलेली खाती असतात. म्हणून तुमच्या कागदावर गेमचं नाव नाही. तिथे अशी नावं शोधा जी एकदा-दोनदाच येतात, आपल्या पंचक्रोशीतली वाटत नाहीत, आणि ज्यांना गेलेल्या रकमा गोल आहेत. दुकानात बिल होतं ३४७ रुपये. बुकीकडे बिल होत नाही, तिथे पाचशे, हजार, दोन हजार.

ब्रिटनमध्ये हे काम सोपं आहे, कारण तिथे जुगार कायदेशीर आहे आणि बँकेच्या नोंदीत जुगार म्हणूनच पडतो. लॉइड्स बँकेच्या सुमारे ६५ लाख ग्राहकांच्या नोंदी, नावं काढून टाकून, अभ्यासकांनी तपासल्या. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जुगारावरचा हिस्सा वाढत जाईल तसे घराचे हप्ते चुकतात, पगारापर्यंत पुरणारं महागडं कर्ज काढलं जातं, रात्रीचे व्यवहार वाढतात, विमा आणि म्हातारपणाची बचत कमी होते. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी की हे फक्त टोकाच्या जुगाऱ्यांत दिसलं नाही. थोडं खेळणाऱ्यांतही चढाची रेघ तिथूनच सुरू होत होती. तिकडे १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी आहे. स्वतःचे पैसे हरा, उधारीचे नको, असा तो हिशेब.

आपल्याकडे मात्र क्रेडिट कार्डाची उधारी वळणं घेऊन तिथे पोचते. कार्डावर सरळ जुगाराचं नाव सहसा येत नाही. येतं ते असं: वॉलेटमध्ये भरलेले पाच हजार, एटीएममधून कार्डावर काढलेली रोकड, जिच्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास फी आणि त्याच दिवसापासून व्याज, किंवा एकाच मोबाइलच्या दुकानात महिन्यात तीन वेळा २०-२० हजारांची 'खरेदी', आणि घरात मोबाइल जुनाच. दोन-तीन टक्के कापून दुकानदाराने रोख दिलेली असते. मध्यंतरी भाऊबंदांच्या नावाने घरभाडं भरून कार्डाचे पैसे खात्यात वळवायची टूम होती. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रिगेटरचे, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्यांचे, नियम आवळल्यावर ती वाट बरीचशी बुजली. तुमच्या भावाच्या कार्डावर स्वतःच्या घरात राहून भाडं भरल्याची नोंद आहे का, तेवढं बघा.

आणि त्या ९२ हजारांचं आताच समजून घ्या. दरमहा साडेतीन टक्के धरले तर ३,२२० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ५८०. तो महिन्याला 'किमान रक्कम' म्हणून पाच हजार भरत असेल तर मुद्दलातून जेमतेम बाराशे कमी होतात, तेही नवं काही वापरलं नाही तर.

जमेनंतर मी बंद पडलेल्या गोष्टी बघतो. सांगली-मिरजेत याला एक फार जुना मापक आहे: पिग्मी. दुकानदार, कामगार, सगळ्यांचे रोजचे वीस-पन्नास-शंभर पिग्मी एजंट घेऊन जातो. माणूस घसरायला लागला की बायकोच्या आधी हे एजंटला कळतं. आमचा एक एजंट मला म्हणायचा, "साहेब, त्यांनी आता आठवड्याला या म्हणून सांगितलंय." पुढच्या महिन्यात "मीच फोन करतो" व्हायचं. मग भिशीचा हप्ता दुसऱ्याकडून भरला जातो, आरडी मोडली जाते, एलआयसीचा हप्ता राहतो. उधळ्या माणसाची मौज आधी थांबते आणि बचत नंतर. जुगारात बरोब्बर उलटं होतं: बचत आधी जाते, आणि खर्चाचा बाहेरचा डौल बरेच दिवस तसाच राहतो.

इथे स्वतःची एक चूक सांगतो. १९९८ साली मी कर्ज विभागात होतो. शिलाईकाम करणाऱ्या एका माणसाचं घरदुरुस्तीचं कर्ज माझ्यासमोर आलं. पासबुकात दर दोन-तीन दिवसांनी शंभर-दीडशे काढलेले, आणि दोनदा एकदम साडेचार हजार भरलेले. मी वाचलं, धंदा बरा चाललाय, गठ्ठ्याने ऑर्डर येतात. सही केली. कर्ज सहा महिन्यांत थकलं तेव्हा आमचा शिपाई म्हणाला, "साहेब, जोडी लागली होती त्याला." आकड्यात, म्हणजे मटक्यात, ओपन आणि क्लोज असे दोन आकडे निघतात. त्या दोन्हींच्या जोडीला एकास नव्वद मिळतात. पन्नास लावले की साडेचार हजार. रक्कम माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि जमेची होती म्हणून मी तिच्यावर खूश झालो. त्या दिवसापासून अवचित जमा दिसली की मी आधी नव्वदने भागून बघायचो.

(ओपन आणि क्लोज हे मटक्याचे शब्द आले कापसाच्या बाजारातून. न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडताना आणि मिटताना येणारे भाव मुंबईत तारेने यायचे, त्यांवर लोक पैसे लावायचे. साठच्या दशकात ते बंद पडलं तेव्हा कल्याणजी भगत आणि नंतर रतन खत्री यांनी आकडे स्वतःच काढायला सुरुवात केली. वायदेबाजार आणि जुगार यांची शिवण तेव्हापासूनच एकमेकांत अडकलेली आहे.)

ती अजून सुटलेली नाही. हळदीच्या सौद्यांचं गाव आहे हे, वायदा म्हणजे काय ते सांगलीकराला समजावावं लागत नाही. म्हणून भावाच्या कागदावर शेअर ब्रोकरचं नाव दिसलं तर "गुंतवणूक आहे" म्हणून पुढे जाऊ नका. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जाणारी ठरलेली रक्कम ही गुंतवणूक. सकाळी सव्वानऊनंतर दहा हजार, साडेअकराला पाच हजार, एकला पुन्हा पाच, आणि हे बहुधा एक्स्पायरीच्या, म्हणजे वायद्याची मुदत संपण्याच्या, दिवशी, ही वर सांगितलेलीच संध्याकाळ आहे, फक्त उन्हातली. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या घरात. सगळं कायदेशीर. तुमच्या भावाचा आकडा २ लाख ६० हजार आहे म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणखी एक जागा लोक विसरतात. १ एप्रिल २०२३ पासून देशातल्या ऑनलाइन गेमच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस कापला जायचा, कलम १९४ बीए. तो आयकराच्या पोर्टलवर एआयएस आणि २६ एएस या आपल्या नावावरच्या वार्षिक नोंदींच्या कागदांत दिसतो. भावाने स्वतः लॉगिन करून त्या वर्षांचा एआयएस उघडला तर कळेल. तिथे नोंद असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर मात्र निर्धास्त होऊ नका. हरणाऱ्याचा टीडीएस कुठून कापणार, आणि आयडीवाला तर सरकारला काहीच भरत नाही.

थोडं उलट बाजूनेही सांगतो, नाहीतर कुणीतरी या खुणा घेऊन घराघरात चौकशी लावेल. आपल्याकडची आवक मुळातच ओबडधोबड असते. उसाचं बिल हप्त्यांनी येतं, द्राक्ष-बेदाण्याचा पैसा एकदम येतो, भिशी लागली की वीस हजार अनोळखी नावाने जमा होतात. मित्रांत ट्रिपचा खर्च एकाने करून बाकीच्यांनी पाठवला तरी जमेला आठ ओळी येतात. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या महिन्यांची खाती बघितलीत तर शहाण्यासुरत्या माणसांचीही जुगाऱ्यासारखी दिसतील: उसनवारी, मोडलेल्या ठेवी, सोनेतारण. म्हणून एक महिना बघून काही ठरवायचं नाही. वेळ, चढत्या गोल रकमा, आठ मिनिटांत परत जाणारी जमा आणि बंद पडलेली बचत, हे चारही तीन-चार महिने एकत्र दिसले तर मी बोलायला बसतो.

आता दुसरा प्रश्न. फेडू का?

एकरकमी नको. वसुलीतल्या नऊ वर्षांत मी कितीतरी वडिलांना आणि थोरल्या भावांना जमिनीचा तुकडा विकून असं कर्ज मिटवताना पाहिलं. मोकळं झालेलं कार्ड पुढच्या हंगामात पुन्हा भरायचं. कार्डाची मर्यादा तशीच ठेवून थकबाकी भरणं म्हणजे बुकीला नवा गल्ला लावून देणं.

आधी खरा आकडा काढा. २ लाख ६० हजार हा त्याने सांगितलेला आकडा आहे, आणि पहिल्यांदा सांगितलेला आकडा पूर्ण असल्याचं माझ्या पाहण्यात फारसं नाही. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. त्याच्या हाताने, त्याच्या फोनवर, चारही काढा. लोन अ‍ॅपची नावं रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या डिजिटल कर्ज अ‍ॅप्सच्या यादीत आहेत का तेही तपासा. यादीत नाही आणि फोनवर धमक्या येतायत असं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार आणि पोलिसांकडे. मित्रांची उसनवारी कुठल्याच अहवालात नसते. ती त्याला वहीत लिहायला लावा, नाव आणि रक्कम. या वहीला वेळ लागतो, पानं दोन-तीन बैठकांत भरतात.

मदत करायचीच तर पैसे थेट सावकाराच्या खात्यात भरा, भावाच्या हातात नको. आधी लोन अ‍ॅप मिटवून खाती बंद केल्याचं पत्र घ्या. कार्डाची थकबाकी बँकेकडून हप्त्यांत पाडून घ्या आणि मर्यादा खाली आणा. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवायची सोय ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक बँकेला द्यावीच लागते, ती वापरा. सोनेतारणाचं व्याज यांत सर्वांत कमी, त्याचं फक्त व्याज वेळेवर भरत राहा म्हणजे मुदतीपर्यंत सहसा लिलावाची नोटीस येणार नाही. पगाराच्या खात्यावरून यूपीआय काढून टाका. ८ तारखेला १८ हजार आपोआप नवरा-बायकोच्या जोडखात्यात जावेत अशी सूचना बँकेत त्यालाच द्यायला सांगा, आणि यूपीआय एका वेगळ्या खात्याला जोडा, ज्यात आठवड्याला हजार-बाराशेच असतील.

एक धोका तातडीचा आहे. आयडीवाल्याकडून आलेली जमा जर कुणाच्या फसवणुकीच्या पैशांतून आली असेल तर सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून त्याचं खातं गोठू शकतं, पगारासकट. आणि हरलेल्या पोरांना "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो" असं सांगणारे फिरतायत. त्याने खातं किंवा सिम कुणाला दिलंय का, हे आजच विचारा. कर्ज हप्त्यांनी फिटतं, पण भाड्याने दिलेल्या खात्यामुळे थेट गुन्हा अंगावर येतो.

बोलताना स्टेटमेंट जेवणाच्या ताटाशेजारी आपटू नका. त्याने ते आपणहून दिलंय. बहुतेक वेळा मला ते कपाटातून चोरून आणलेलं मिळतं. त्याला सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. भावजयीसमोर आरोप नको, पण तिला अंधारातही ठेवू नका, पाटल्या तिच्या आहेत. याला वैद्यकात आजार मानतात आणि उपचार आहेत: मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या टेलीमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो "मी नसलेलाच बरा" अशा भाषेत बोलत असेल तर हिशेब बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी फोन करा.

माझ्याकडे यायचं असेल तर शनिवारी या, भावाला घेऊन. नुसतं पासबुक नको, अ‍ॅपमधली वेळेची नोंद आणा, एप्रिल-मे ची आधी.

तो माधवनगरचा अजून येतो, महिन्याला एकदा. मध्ये सप्टेंबरात आशिया कपच्या वेळी घसरला, दोन रात्रींत सहा हजार. तिसऱ्या दिवशी स्वतःच कागद घेऊन आला. गेल्या खेपेला त्याच्या जमेला तीन ओळी होत्या. पगार, व्याजाचे एकतीस रुपये, आणि आईच्या खात्यातून आलेले पाचशे. मी पाचशेवर पेन ठेवलं. तो म्हणाला, "सर, गॅस संपला होता." मी फोन लावून खात्री केली. गॅसच होता.